कॉम्प्युटरात अडकलेलं तुळशीचं लग्न

दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर आमच्या पनवेलच्या घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा बिल्डिंगमधले लोक पेढे मागतील म्हणून मी पाव किलो जास्तच आणून ठेवले होते. पेढे कोणी मागितले नाहीत. जो येई तो मॉनिटरकडे पाही, माउस हलवून बघे आणि विचारी, "अँटिव्हायरस कुठला टाकलात?" विचारायची पद्धत अगदी "मुलीचं कुठं जमलं का?" अशीच.

मी शाळेत भूगोल शिकवते. कॉम्प्युटर घेतला तो माझ्या प्रश्नपत्रिकांसाठी, म्हणजे निदान घेताना कारण तसं दिलं होतं. व्हायरस म्हणजे काय हे मला एवढंच माहीत होतं, की तो आला की सगळं जातं. आमचे हे द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात नोकरीला. आलेल्या कंटेनरचं सील शाबूत आहे की नाही हे बघायचं काम. सील जरा तिरकं दिसलं तरी ह्यांना जेवण जात नाही. म्हणून मला वाटलं, अँटिव्हायरसची निवड ह्यांच्यावर सोपवायला हरकत नाही. इथे माझं चुकलं.

मग स्थळं यायला लागली. तळमजल्यावरच्या बँकेतल्या बाईंनी सुचवलेला नावाने मोठा, पण अंगाने जड. तो टाकल्यापासून त्यांचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत त्यांचा चहा पिऊन व्हायचा, कप विसळूनही व्हायचा. तिसऱ्या मजल्यावरचा फुकटातला, पण दर तासाला "मला विकत घ्या" म्हणून विमा एजंटासारखा दारात उभा. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले, ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्याला कसला आलाय व्हायरस, बाई, उगाच कशाला? एसटी स्टँडमागच्या ज्या दुकानातून आम्ही कॉम्प्युटर घेतला, त्या दुकानदाराकडे खोक्यातली सीडी होती. खोक्यावर ढाल काढलेली. वर्षभर चालेल, रोज ताजा होईल आणि काही झालं तर मी आहे, असं तो म्हणाला. मला तोच पसंत पडला. माणूस सरळ दिसत होता आणि ढालही बरी होती.

ह्यांनी खोकं उलटंपालटं करून मागचं पुढचं सगळं वाचलं आणि म्हणाले, "बघू."

आमच्या घरात "बघू" म्हणजे "नाही". लग्नानंतर हे कळायला मला दोन वर्षं लागली होती.

"अजून ताप आला नाही आणि तू गोळ्या आणायला निघालीस," हे म्हणाले. चार दिवसांनी हे एका कॉम्प्युटरच्या मासिकाचा दिवाळी अंक घेऊन आले. अंकाबरोबर एक सीडी फुकट होती, आणि त्या सीडीत एक अँटिव्हायरस होता. त्या वर्षीच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालणारा. "तोवर वापरून बघू, मग ठरवू," असं म्हणताना ह्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते साखरपुड्यातही नव्हतं. ज्या रविवारी ह्यांनी ती सीडी घातली, त्या दिवशी आमच्याकडे तुळशीचं लग्न होतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिथेच अडकलं.

त्या लग्नाला माझी आई आली होती. माझं माहेर पनवेलजवळच, कोनकडच्या एका गावातलं. आई तिथली धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्न लावायला भटजी असो नसो, धवलारीण लागते. हळदीपासून वरात घरी जाईपर्यंत ती धवला म्हणते. त्यात गावातल्या, वेशीवरच्या, खाडीपलीकडच्या देवांना नावानिशी बोलावते, त्यांना मांडवात बसवते, आणि शेवटी पाठवणी करून त्यांना ज्याच्या त्याच्या ठिकाणी परत धाडते. आईला सही करण्यापुरतंही लिहिता येत नाही, पण तिला चाळीसएक धवले पाठ. ते ती तिच्या आत्याकडून शिकली, कोणाला शिकवले मात्र नाहीत, कारण शिकायला कोणी आलंच नाही. मी तर नाहीच. मी भूगोल शिकले. तोवर गावातल्या लग्नांत डीजे आला होता. आईला मानाने बोलवायचे, हळदीला दोन ओळी म्हणू द्यायचे, की लगेच भिंती हलायला लागायच्या.

म्हणून माझ्या मनात होतं की कॉम्प्युटर आहे, माईक आहे, आईचं सगळं एकदा भरून ठेवावं. पण आईचा नियम होता. लग्न असल्याशिवाय धवला म्हणायचा नाही.

"मी गानी म्हनते का?" ती म्हणायची. "गानी डीजेवर लागतान. आमी धवला बोलतो. देवांना हाका मारायच्या, ते येतान, मंग त्यांना बसवशील कुठं? तुज्या सोफ्यावर?"

तुळशीचं लग्न हे लग्नच, एवढं मात्र तिने मान्य केलं. गॅलरीतली तुळस आम्ही आत आणली, उसाचा मांडव केला, अंतरपाट धरला. मग आईने डोक्यावर हेडफोन चढवला, त्याची दांडी तोंडापुढे आणली, आणि पदर नीट करून ती सुरू झाली. मध्येमध्ये पाणी प्यायची, तेवढाच खंड. आमची लेक चौथीत होती, तीसुद्धा न बोलता बसली. आणि सगळं होऊन पाठवणी तेवढी राहिली असताना वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. यूपीएस टीं टीं करायला लागला, ह्यांनी घाईघाईने होतं तेवढं ठेवून कॉम्प्युटर बंद केला. वीज आली तेव्हा जेवणं झाली होती. मी म्हटलं, आता राहिलेलं म्हण. आई म्हणाली, "लागलेला लगीन परत लावतान काय?" आणि तिचं तोंड जरा उतरलं. देव बोलावले आणि धाडले नाहीत, हे तिला लागलं होतं. मला तेव्हा ते तेवढं कळलं नाही. मी फोल्डरला "धवला" असं नाव दिलं आणि हात झटकले.

डिसेंबर संपला. एक जानेवारीला अँटिव्हायरसने लाल खिडकी उघडून सांगितलं की मुदत संपली. मी म्हटलं, चला, ढालवाला आणू. हे म्हणाले, बघू. मग गोदामातल्या कोणीतरी ह्यांना युक्ती सांगितली. कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारायची आणि तारीख मागे न्यायची. अँटिव्हायरस बिचारा भोळा, त्याला वाटतं अजून वेळ आहे. ह्यांनी तारीख नेली ती नेमकी तुळशीच्या लग्नाच्या रविवारी, कारण सीडी त्या दिवशी घातली होती आणि ह्यांच्या डोक्यात तीच पक्की होती. तिथून कॉम्प्युटर पुन्हा चालत चालत डिसेंबरअखेरीला आला, की हे त्याला कान धरून परत नोव्हेंबरात नेऊन सोडायचे. मार्चमध्ये आमच्याकडे नाताळ होता आणि एप्रिलमध्ये गुलाबी थंडी.

ह्याचा त्रास कोणाला? मला. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका मी छापून नेली, तर कोपऱ्यात आपोआप पडलेली तारीख नोव्हेंबरची. मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, वार्षिक परीक्षा लवकर उरकताय?" घरी येऊन मी भांडले. हे शांतपणे म्हणाले, "व्हायरस आला का? नाही ना? मग झालं तर."

व्हायरस आला तो जूनअखेरीला, आणि आणला कोणी? जगातल्या प्रत्येक कंटेनरचं सील तपासणाऱ्या माणसाने, स्वतःच्या खिशातून. गोदामाची कसली तरी यादी घरी टाइप करायची म्हणून हे पेनड्राइव्ह घेऊन आले आणि सरळ खुपसला. आमचा राखणदार जागा असून झोपलेला, कारण आठ महिन्यांत जगात कोणते नवे व्हायरस जन्मले ह्याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याच्या लेखी अजून तुळशीचं लग्न चाललं होतं. दोन दिवसांत प्रत्येक फोल्डरचा जुळा भाऊ तयार झाला, काही केल्या काही उघडेना, आणि माझी नववीची प्रश्नपत्रिका त्यात अडकलेली. माझं डोकं फिरलं. मी रिक्षा केली, कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेतला आणि दुकान गाठलं.

दुकानदाराने तपासलं, मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल. सगळं साफ. तुमचे पेपर काढून ठेवतो. फोटो?"

"फोटो ठेवा."

"आणि गाणी? गाणीबिणी बरीच दिसतायत."

ह्यांनी त्या कॉम्प्युटरात सिनेमाची गाणी भरून ठेवली होती, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून ती लावून बसायचे. मला आधीच राग आलेला. मी म्हटलं, "गाणी जाऊ देत हो. तेवढी तरी कटकट जाईल."

आईचे धवले ही गाणी आहेत असं माझ्या मनातही आलं नाही. गाणी डीजेवर लागतात. धवला बोलतात. हे मी तिच्याकडूनच शिकले होते, लहानपणापासून, आणि नको त्या दिवशी ते मला पक्कं आठवलं. दुकानदाराचा काही दोष नाही. त्याने विचारलं होतं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. गळ्याशी गाठ होती, महिनाभर ती कोणाला बोललीच नव्हती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ साधी आहे, घाबरायचं नाही, पण ऑपरेशन करून काढावी लागेल. आणि आवाज बदलू शकतो. परत येईल, नाहीतर थोडा बसका राहील, आधी सांगता येत नाही. मी फोन ठेवला आणि पहिलं काय केलं तर कॉम्प्युटर लावला. म्हटलं, काहीही होवो, आवाज आपल्याकडे आहे. फोल्डर शोधायला लागले. लेकीचे सहलीचे फोटो होते, वार्षिकच्या प्रश्नपत्रिका होत्या, बाकी कोरं. दुकानदाराने विचारलेला प्रश्न मला शब्दन् शब्द आठवला. मी त्या खुर्चीत बसून रडले. ह्यांना वाटलं ऑपरेशनमुळे रडते आहे, आणि मी पण तसंच वाटू दिलं.

ऑपरेशन दहा दिवसांवर होतं. आई आमच्याकडे राहायला आली, दवाखाना जवळ म्हणून. पहिल्याच दुपारी मी तिला खरं ते सांगितलं. मला वाटलं ती बोलेल. तिने फक्त विचारलं, "सगला गेला?" मी मान हलवली. "जाऊ दे. लग्नान बोलीन परत," ती म्हणाली.

पण लग्नं कुठे होती? आषाढी एकादशी होऊन गेलेली, देव झोपलेले. आता कार्तिकापर्यंत कोणाचं लग्न नाही, आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. मी तिला विनवलं. म्हटलं, एकदाच, माझ्यासाठी, दार लावून म्हण, कोणाला कळणार नाही. ती म्हणाली, देवांना कळतं. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, तुझे देव काय माझ्या कॉम्प्युटरपेक्षा मोठे लागून गेले का? काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही. आईने वाल सोलायला घेतले आणि माझ्याकडे पाठ करून बसली. आतून मला एवढंच वाटत होतं, की हा आवाज गेला तर तो मी घालवला, दोनदा.

अशा वेळी आमचे हे नेहमी काहीतरी दुरुस्त करायला घेतात. त्या दिवशी ह्यांनी कपाटातून मासिकाची ती सीडी काढली. कोऱ्या कॉम्प्युटरात तोच फुकटचा अँटिव्हायरस पुन्हा घालायला बसले. माझा राग पुन्हा वर यायला लागला होता, तेवढ्यात आई वाल सोलता सोलता म्हणाली, "जावई, काय करतांव?"

"काही नाही, आई. तारीख मागे घेतोय."

"कुठची तारीख?"

"कॉम्प्युटरची. नाहीतर हा चालत नाही. तुळशीच्या लग्नाच्या दिवसावर नेऊन ठेवतो. तुम्ही आला होतात ना तेव्हा, तो रविवार."

आईचे हात थांबले. "कवापासून ठेवलाय?"

"झाले की सहासात महिने. डिसेंबर संपत आला की परत मागे आणायचा. पुढे जाऊच देत नाही त्याला."

आई उठली. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या त्या बारीक आकड्यांकडे तिने डोळे बारीक करून पाहिलं. वाचता तिला येत नव्हतं, पण बघितलं खूप वेळ. मग ती माझ्याकडे वळून, जणू मीच काहीतरी लपवलं होतं अशा स्वरात म्हणाली, "मंग आदी नाय सांगायचा? पाठवनी झालीच नाय त्या दिवशी. देव बसलेले हायेत अजून मांडवान. तो पुढं जाईल कसा?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. आयुष्यात काही वेळा गप्प बसायची अक्कल येते, त्यातली ती एक.

"तुलस आन आत," आई म्हणाली. "आनि ऊस."

आषाढात ऊस कुठला? हे छत्री घेऊन धावत एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत गेले आणि दोन कांडी मागितली. रसवाला म्हणाला, "लिंबू टाकू का, आलं टाकू?" हे म्हणाले, "काही टाकू नका, तसाच द्या." उसाला पाला नव्हता, उंचीही जेमतेम कमरेएवढी, पण मांडव उभा राहिला. लेकीने शाळेच्या गणवेशातच अंतरपाट धरला. मी तोपर्यंत यूपीएसवर हात ठेवून वीज कंपनीला मनातल्या मनात नवस बोलत होते.

आई पहिल्यापासून म्हणाली. तिला आधी वाटलं होतं फक्त पाठवणी म्हणावी, पण सुरू केल्यावर ती मागे गेली आणि हळदीपासून सगळं घेतलं. गळ्याशी गाठ दिसत होती, ती प्रत्येक सुराबरोबर वरखाली होत होती. मी ती बघायची नाही असं ठरवलं होतं आणि तिच्याकडेच बघत होते. दिवाळीनंतर जसा लागला होता त्याहून आवाज जरा दमलेला होता. मध्ये दोनदा खोकला आला, तो तसाच भरला गेला आहे. शेवटी पाठवणी आली. एकेका देवाचं नाव घेऊन तिने त्याला उठवलं, निरोप दिला, वाट सांगितली. शेवटचा देव खाडीपलीकडे गेला. वीज गेली नाही.

आईने हेडफोन काढून ह्यांच्या हातात दिला. "आता सोडा त्याला पुढं," ती म्हणाली.

ह्यांनी कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली आणि तारीख आजची केली. दुसऱ्या दिवशी गोदामातून येताना हे न सांगता एसटी स्टँडमागे गेले आणि ढालवालं खोकं घेऊन आले. मी पेढे आणले. धवल्याच्या तीन सीडी केल्या, एक आमच्या कपाटात, एक शाळेतल्या माझ्या खणात आणि एक आईच्या पत्र्याच्या पेटीत, तिच्या हळदीच्या लुगड्याखाली.

ऑपरेशन चांगलं झालं. आवाज यायला दीड महिना लागला आणि आला तो जाडसर, खालचा. बोलायला पुरे, धवल्याला नाही. आई वरच्या सुरात चढायला गेली की आवाज मध्येच सुटून जायचा आणि ती हसून विषय बदलायची. मला ते हसणं सहन व्हायचं नाही.

गणपतीनंतर ती आमच्याकडे आली, तेव्हा एक दिवस मी तिला हेडफोन लावून दिला. तिने स्वतःचा आवाज आधी कधीच असा ऐकलेला नव्हता. डोळे मिटून ऐकत होती, पाठवणीपर्यंत हलली नाही. मग एका कानावरून हेडफोन सरकवला.

"बाय बरी बोलते," ती म्हणाली. "नातीच्या लग्नान हिलाच बोलव."

नात तेव्हा पाचवीत होती. मी म्हटलं, बोलावते.

"बोलाव. मी बसेन मांडवान, उगी. पन पाठवनी होईपरतुर लाइट जाऊ देऊ नको."